कॅम्प एकमध्ये भेटलेलं सुराबाया

माझा जन्म सुराबायाचा. हे सांगितलं की समोरचा माणूस बहुतेक वेळा विचारतो, "ते कर्नाटकात आलं का?" आयुष्यभर भूगोल शिकवल्यामुळे मला त्याचा राग येत नाही. मी नकाशा मागते, जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर बोट ठेवते आणि म्हणते, "इथे." मग पुढचा प्रश्न येतो, "आणि वडील?" त्याला माझ्याकडे साठी उलटेपर्यंत उत्तर नव्हतं. ते मिळालं कल्याणच्या पुढे, उल्हासनगरात. जावाला जाऊन आलेल्यांनी लिहिलेलं मी पुष्कळ वाचलं आहे. हे लिखाण अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर एवढ्याच मुलखाचं. तिकडे हौसेने फिरायला कोणी जात नाही. मी २००३च्या डिसेंबरात गेले, आणि जाताना माझ्या मनात जराही धाकधूक नव्हती, हेही सांगून टाकते. काहीतरी हाती लागणारच, अशी माझी खात्री होती.

आधी थोडं घरचं सांगायला हवं. वडील, रघुनाथ, वाईहून मॅट्रिक होऊन मुंबईला टायपिंग आणि शॉर्टहँड शिकले. एका जहाज कंपनीने त्यांना सुराबायाला नेलं. तिथे पुढे एका गोऱ्या साहेबाने आपल्या कचेरीत ओढून घेतलं. आई मागून गेली, मी झाले. जपान युद्धात उतरण्याआधी काही महिने वडिलांनी आम्हा दोघींना बोटीवर बसवून दिलं. "मागोमाग येतो," म्हणाले. मग जपान्यांनी जावा घेतलं आणि पत्रं थांबली.

युद्ध संपल्यावर वाईच्या घरी एक अधिकारी आला. त्याने आईला विचारलं, "तुमच्या यजमानांचे कुणी जपानी मित्र होते का?" आई खरं बोलणारी बाई. तिने माझा तान्हेपणीचा फोटो आणून दाखवला. फोटोत मी तिच्या मांडीवर, पाठीमागे पडद्यावर रंगवलेला बर्फाचा डोंगर, आणि फोटोच्या पाठीवर जपानी अक्षरांचा शिक्का. अधिकाऱ्याने तो उलटासुलटा करून पाहिला, परत दिला आणि निघून गेला. पुढे त्याने काहीच कळवलं नाही. पण ओट्याशी गल्ली जमली होती. संध्याकाळपर्यंत वाईभर झालं की रघू जपान्यांना फितूर होता. थोरल्या काकांनी घरात त्यांचं नाव काढायची बंदी केली. जिवंत असेल तर श्राद्ध कशाला, आणि मेला असेल तर फितुराचं श्राद्ध कशाला, असा त्यांचा हिशोब. आई मला घेऊन साताऱ्याला मामाकडे आली, शिवणकामावर मला शिकवलं. ती मरेपर्यंत कुंकू लावत होती. पुसायचं की ठेवायचं, हे तिला कुणी सांगू शकलं नाही.

अंबरनाथ

माझा जुना विद्यार्थी मिलिंद कांबळे अंबरनाथला एका कारखान्यात फोरमन आहे. एका रविवारी त्याचा फोन आला.

"बाई, तुमचं ते सुराबाया सापडलं!"

"हरवलं कधी होतं?"

"तसं नाही हो बाई. कॅम्प एकमध्ये पडद्याचं कापड घ्यायला गेलो होतो. एका सिंध्याच्या दुकानात भिंतीवर जुना फोटो आहे, दुकानाचा. बोर्डावर इंग्रजीत सुराबाया लिहिलंय. नववीत तुम्ही फळ्यावर स्पेलिंग लिहून दिलं होतं ना, म्हणून लक्षात आलं."

पाठ करून घेतलेलं स्पेलिंग असं कामाला येईल, हे मला तरी कुठे ठाऊक होतं! मी दुसऱ्याच आठवड्यात पिशवी भरली. पिशवीत माझा तान्हेपणीचा फोटो होता.

मिलिंदचं घर कामगारांच्या जुन्या वसाहतीपलीकडे, नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. दारासमोर बुद्धाची संगमरवरी मूर्ती, तिच्याशेजारी मुलीची कॅरमची बक्षिसं. त्याची बायको संगीता बँकेत जाते. तिने संध्याकाळी ज्वारीची भाकरी, सुकटीची चटणी आणि वांग्याचा रस्सा केला. आमच्याकडे साताऱ्यात सुकट मिळते ती वाळून वाळून भुसा झालेली. इथे खाडी जवळ, त्यामुळे तिला अजून समुद्र आठवत होता. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

जेवताना खिडकीतून एक उग्र, औषधी वास आत आला. मी नाक पुसलं.

"वास येतोय ना बाई?" संगीता म्हणाली. "केमिकलच्या कंपन्या आहेत तिकडे. आम्हाला आता पाहुणा आला की आठवतं, वास येतो म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलिंदने मला शंकराच्या जुन्या देवळात नेलं. काळ्या दगडाचं देऊळ, अंगभर कोरीव काम, आणि गाभाऱ्यात उतरायला पायऱ्या. आमच्याकडे देवाकडे चढून जातात, इथे खाली उतरावं लागतं. बाहेर वालधुनी नदीचं पाणी त्या दिवशी जांभळट होतं. हजार वर्षं टिकलेला दगड आणि रोज रंग बदलणारं पाणी शेजारी शेजारी पाहत मी तिथेच उभी राहिले. मग मिलिंद म्हणाला, "बाई, चला. दुकान दहाला उघडतं, आणि गर्दी झाली की म्हातारा बोलत नाही." आम्ही रिक्षा केली.

कॅम्प एक

उल्हासनगरात वस्त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. कॅम्प एक, कॅम्प दोन, असे पाच. युद्धाच्या काळात इथे सैन्याचा तळ होता. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवलं, आणि त्यांनी तिथे बाजार उभा केला. बराकींवर आता मजले चढलेत, पण एखाद्या गल्लीत मान वर केली की जुनं लांबलचक कौलारू छप्पर अजून दिसतं.

मिलिंदने मला आत्मविश्वासाने ज्या दुकानात नेलं, ते लग्नपत्रिकांचं निघालं. दुकानदाराने माझ्याकडे पाहून विचारलं, "बेटे की है या बेटी की?" मी म्हटलं, "बाप की." तो बिचारा गोंधळला. त्या गल्लीत एकाच देवाच्या नावाची चार दुकानं होती. त्यातलं शेवटचं आमचं.

गादीवर टेकचंददादा बसले होते. ऐंशी ओलांडलेले, गोरेपान, पांढरी सुरवार आणि त्यावर स्वेटर. सिंधी लोक वडीलधाऱ्याला दादा म्हणतात, तसं मीही म्हटलं. त्यांच्या डोक्यावर, मागच्या भिंतीवर, दुकानाचा तो फोटो होता. रुंद दुकान, दारात पगडी-टोप्या घातलेली माणसं, आणि वर बोर्ड. मला बसायला सांगण्याआधीच त्यांच्या सुनेने पाण्याचा पेला आणि भाजलेला पापड आणून ठेवला. आमच्याकडे उन्हातून आलेल्याला गूळपाणी देतात, इथे पापड. घशाला दोन्ही बरं.

"मेरे पिताजी सुराबाया में थे," मी म्हणाले. "रघुनाथ नाम था. आप जानते थे?"

दादांनी मान हलवली. "रघुनाथ? नहीं बहन. ऐसा कोई नहीं था."

मिलिंदचा चेहरा पडला. मी पिशवीतून फोटो काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर सारला, फोटो नाकाजवळ नेला. त्यांची नजर माझ्यावरून गेली आणि आईवर थांबली.

"ये तो मास्टर की घरवाली है," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघत, अगदी हळू, "तो तू वो बच्ची है? जो सारा दिन रोती थी?"

मी हो म्हणाले. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, आणि दादांनी त्याला हाताने बाहेरचा रस्ता दाखवला. सून चकित होऊन बघत राहिली. दुकानात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवताना तिने सासऱ्यांना पहिल्यांदाच पाहिलं असावं.

दादांचं बोलणं निम्मं हिंदी, थोडं मराठी, मध्ये सिंधी. त्यांनी सांगितलेलं बरंचसं मी माझ्या भाषेत लिहिते. जिथे त्यांचेच शब्द हवेत तिथे ते ठेवते.

त्यांचं घर हैदराबादचं, सिंधमधल्या. तिथल्या व्यापाऱ्यांची रेशमाची दुकानं परदेशी बंदरांतून होती, आणि गावातली मुलं मिसरूड फुटायच्या आत नोकरीला तिकडे जायची. टेकचंद असे सुराबायाला गेले. दुकानाच्या मागेच मुलं राहायची, जेवायची. माझे वडील संध्याकाळी येऊन त्यांना इंग्रजी शिकवायचे, म्हणून ते मास्टर. खरं नाव कुणी विचारलंच नव्हतं.

"पण ते फक्त शिकवायला येत नव्हते," दादा म्हणाले.

"मग?"

"खबर लेने आते थे."

मिलिंद सावरून बसला. मी म्हटलं, "सांगा. सगळं सांगा."

तेव्हाचं राजकारण दादांनी मला गादीवर बसून जसं समजावलं, तसं मी एवढ्या वर्षांत एकाही वर्गाला समजावू शकले नव्हते. "देख, हॉलंड को जर्मन खा गया. जावा किसका? हॉलंड का. तो समझ ले, मालिक मर गया, मुनीम गद्दी पे बैठा है. बाजूवाला जपान रोज आता है, बड़ी टोपी पहन के. बोलता है, तेल दो. मुनीम चाय पिलाता है. हां नहीं बोलता, ना भी नहीं बोलता. दिन काटता है. और अंग्रेज? वो सामने की दुकान से देखता है, मुनीम कहीं बिक तो नहीं गया."

वडिलांचा साहेब त्या सामनेवाल्या दुकानातला. कचेरी वकिलातीची होती की वकिलातीच्या आडून चालणारी आणखी कसली, हे दादांना कधी कळलं नाही. साहेबांना मेजवान्यांतून जे कळत नव्हतं ते बाजारातून हवं होतं. गावातले जपानी दुकानदार नवा माल भरतात की थांबलेत? कुणी मुलांना शाळेतून काढलं? कुणी पेट्या, पट्टे, प्रवासाचं कापड घेतलं? रेशमाच्या दुकानात बायका येतात, आणि बायका घर हलवायची तयारी सगळ्यात आधी करतात. वडील शिकवता शिकवता विचारायचे आणि पोरं सांगायची.

"आणि हा?" मी फोटो उलटा करून शिक्का दाखवला.

"ओगावा," दादा लगेच म्हणाले. "फोटोवाला. मास्टर का दोस्त."

ओगावाचा स्टुडिओ त्याच रस्त्यावर होता. डच अधिकाऱ्यांच्या लग्नांचे फोटो तो काढायचा, बंदरावर बोटींचेही काढायचा. तो जपानचे कान-डोळे असणार, असं गावात सगळे धरून चालायचे. वडील साहेबांचे कान, हेही त्याला ठाऊक असावं. तरी दोघे संध्याकाळी स्टुडिओच्या पायरीवर बसून बुद्धिबळ खेळायचे. "दोनों को मालूम था," दादा म्हणाले, "इसलिए काम की बात कभी नहीं की. बच्चों की बात करते थे."

मग एके दिवशी ओगावा दुकानात आला. बायकोसाठी जाड कापड घेतलं. वडील तिथेच मुलांची वही तपासत होते. पैसे देऊन जाताना ओगावा त्यांच्याजवळ थांबला आणि मलय भाषेत एवढंच म्हणाला, "मास्टर, बायकोला आणि मुलीला घरी पाठवा. थंडीच्या आधी."

दादांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "सुराबाया में ठंडी कहां है? बारा महीने पसीना. मैं हंसने लगा. मास्टर नहीं हंसा. वो समझ गया, जपान की ठंडी."

आम्हाला बोटीवर का बसवलं, हे मला त्या दिवशी कळलं. एका माणसाने शत्रूच्या मुलीसाठी एक वाक्य खर्ची घातलं होतं, त्यावर मी साठ वर्षं जगले.

वडिलांनी ती बातमी साहेबांना दिली. थंडीत युद्ध येतंय. साहेबांनी विचारलं, कुणी सांगितलं? वडिलांनी नाव सांगायला नकार दिला, कारण ओगावाची जपानला परतायची बोट अजून सुटायची होती आणि नाव कळताच त्याला बंदरावर धरलं असतं. साहेबांनी ते डच पोलिसांना कळवलं असावं. पोलीस वडिलांना घेऊन गेले. आमच्या मंत्र्यांना ठाऊक नाही ते एका हिंदी कारकुनाला कसं ठाऊक, असं विचारत राहिले. वडील सुजलेला चेहरा घेऊन परत आले. त्यांनी नाव दिलं नव्हतं. त्या दिवसापासून साहेबांच्या कचेरीत त्यांना टाइपरायटरला हात लावू देत नव्हते. आणि थंडीच्या दिवसांत युद्ध आलं. शेवटच्या बोटीवरून साहेब गेला तेव्हा त्याने मास्टरला बोलावलं नाही.

"खरी बातमी आणली, हाच त्याचा गुन्हा," मिलिंद पुटपुटला.

जपानी सैन्य गावात शिरलं त्याच्या आदल्या दिवशी दुकानाच्या मुनीमाने वडिलांना मागच्या खोलीत नेलं. मिशी काढायला लावली, सिंधी टोपी घातली, आणि म्हणाला, आजपासून तू ताहिलराम, आमचा हिशेबनीस. साहेबाच्या कचेरीतला माणूस सापडला असता तर त्याचं काय झालं असतं, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याला लपवणाऱ्यांचंही.

थोड्याच दिवसांत दुकानाची झडती घ्यायला सैनिक आले. सोबत गणवेशातला दुभाषा होता. त्याने टोपी काढली. तो ओगावा होता.

ओगावा एकेकाला नाव विचारत वडिलांपर्यंत आला. पायरीवर बसून वर्षभर ज्याच्याशी बुद्धिबळ खेळला, तो माणूस सिंधी टोपी घालून गल्ल्यामागे उभा.

"नाव?"

"ताहिलराम."

ओगावाने त्यांच्याकडे पाहिलं. सैनिकांना जपानीत काहीतरी सांगितलं. मग मलयमध्ये म्हणाला, "तोको बागुस." तोको म्हणजे दुकान, बागुस म्हणजे छान. आणि सैनिकांना घेऊन निघून गेला. पुन्हा तो त्या रस्त्याला आला नाही.

वडील त्यानंतर दोन वर्षांनी गेले. तिथे तेव्हा अन्न नव्हतं, औषध नव्हतं. हगवणीने आठवड्यात माणूस संपला. "आग मैंने दी," दादा म्हणाले. "और कौन देता? अस्थी समुद्र में डाली. मैं छोटा था, मंत्र नहीं आता था. जो आया वो बोला."

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मी उठले आणि दादांच्या पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग तेच रडायला लागले. परतल्यावर त्यांनी हैदराबादच्या पेढीत सगळं सांगितलं होतं, मास्टरच्या घरी कळवा म्हणून. पेढीवाले सातारा बाजूला चौकशी करणार होते. तोवर फाळणी झाली, पेढी तिथेच राहिली, आणि टेकचंद याच बराकीत चादरीच्या आडोशामागे येऊन पडले.

सुनेने त्या दुपारी आम्हाला साईभाजी आणि भात वाढला. पालक, चुका, डाळ, सगळं एकत्र शिजवलेलं. आमच्या पातळ भाजीची धाकटी बहीण म्हणावी अशी, फक्त लसूण जास्त. मी बोटं चाटून खाल्ली. बापाच्या मरणाची बातमी ऐकून कुणी असं जेवतं का, असं वाचणाऱ्याला वाटेल. मला त्या दिवशी बाप मिळाला होता. भूक लागणारच.

जेवण झाल्यावर मी म्हटलं, "दादा, उद्या माझ्याबरोबर बदलापूरला याल?"

"वहां कौन है?"

"ज्यांना हे ऐकायला हवं, ते."

कुळगाव

थोरल्या काकांचा मुलगा वसंत सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन बदलापुरात राहतो. कुळगाव म्हणजे तिथला जुना गाव. त्याच्या भोवती आता इमारतींची रांग लागली आहे, पण मधूनच एखादं अंगण, भाताच्या पेंढ्यांची उडवी, दारात बांधलेली म्हैस दिसते. हवा अंबरनाथपेक्षा निराळी. उल्हास नदीकडून गार वारा येत होता आणि दादा शालीत गुंडाळून रिक्षात माझ्याशेजारी बसले होते. वाटेत रिक्षा बंद पडली. रिक्षावाला तिथलाच, आगरी. "आजोबांना खाली उतरवू नका, मीच ढकलतंय," म्हणाला, आणि उतारापर्यंत खरंच ढकलत नेली. मिलिंदने मागून हात लावला. दादांना याची भारी मजा वाटली.

वसंतदादाने दार उघडलं. माझ्याहून मोठा, काकांसारखाच ताठ. आमचं येणं-जाणं लग्नकार्यापुरतं. मी दादांची ओळख करून दिली आणि ज्यासाठी आले ते सरळ सांगितलं. त्याची बायको चहा टाकायला गेली ती स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली.

दादांनी सगळं पुन्हा सांगितलं. वसंतदादा हाताची घडी घालून ऐकत होता. ओगावाचं दुकानातून निघून जाणं सांगून झालं तसा तो म्हणाला, "बघ सुमन. म्हणजे माझे वडील चूक नव्हते. जपान्याने त्याला ओळखलं आणि सोडलं. का सोडलं? आपला माणूस होता म्हणून."

"मित्र होता म्हणून," मी म्हणाले.

"युद्धात मित्र नसतात."

माझा आवाज चढणार तेवढ्यात दादांनी हात वर केला. "भाईसाब, एक बात बोलूं? उनका आदमी होता तो चावल खाता. उनके सब आदमियों को चावल मिलता था. मास्टर हमारे साथ कसावा की जड़ उबाल के खाता था. वही खाते खाते मर गया."

स्वयंपाकघरातून वहिनी चहाचा ट्रे घेऊन येत होत्या. त्याने उठून तो हातात घेतला आणि दादांसमोर धरला. दादांनी कप उचलला नाही. त्यांनी वसंतदादाचा उजवा हात धरला. त्याच्या करंगळीला लागून जन्मापासूनचं एक इवलं सहावं बोट आहे.

"ये वही है!" दादा ओरडलेच. "मास्टर का भतीजा! वो हमको बताता था, मेरे भाई का लड़का है, छह उंगलीवाला. हम दस तक गिनते हैं, वो ग्यारह तक गिनेगा. उसका नाम रखा था... क्या नाम था..." त्यांनी डोळे मिटले. "अकऱ्या."

वसंतदादाने ट्रे मिलिंदच्या हाती दिला.

"अकऱ्या," वसंतदादा म्हणाला. "हे कुणालाच माहीत नाही. बाबा ओरडायचे, व्यंगावरून चिडवू नको म्हणून. मग काका फक्त गच्चीवर म्हणायचा. आम्ही दोघंच असताना." तो खाली बसला. सत्तरीच्या माणसाचा चेहरा इतक्या लवकर लहान होताना मी पाहिला नव्हता. "सुमन, मी त्याची वाट बघत होतो गं. बाबांनी नाव काढायची बंदी केली, मग मी वाट बघणं सोडलं."

मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. इतकी वर्षं त्याच्यावर धरलेला राग कुठे ठेवू, हे मला कळेना. राग मग तसाच गेला.

वसंतदादाने डोळे पुसले आणि एकदम व्यवहारी होऊन विचारलं, "दादा, तिथी कुठली होती?"

दादांना तारीख आठवत नव्हती. पण म्हणाले, "चेटीचंड का दिन था. हमारा नया साल. दुकान में दिया लगाया था, और मास्टर गया."

वसंतदादाने भिंतीवर आधीच लावलेली नव्या वर्षाची दिनदर्शिका उतरवली, मांडीवर घेतली आणि मार्चचं पान उघडून बोट फिरवत गेला. बोट पाडव्याच्या पुढच्या चौकोनावर थांबलं. "चैत्र शुद्ध द्वितीया," तो म्हणाला. "पाडव्याचा दुसरा दिवस. म्हणजे दरवर्षी त्या दिवशी आपण उरलेलं श्रीखंड खात बसलेलो असायचो."

तो दिवस यंदा आला तेव्हा आम्ही सगळे कुळगावातच होतो. मिलिंद आणि संगीताही आले होते. चेटीचंड असूनही दादा घरचा सण सुनेवर सोपवून सकाळीच रिक्षाने हजर झाले. वसंतदादा सोवळं नेसून पाटावर बसला, शेजारी मी. गुरुजींनी मृताचं नाव विचारलं. वसंतदादाने खणखणीत आवाजात काकाचं पूर्ण नाव सांगितलं, खिडकीतून शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. गुरुजी पुढे जाणार तोच मागून दादा म्हणाले, "पंडितजी, ताहिलराम भी बोलो. आखरी दो साल वो उस नाम से जिया."

गुरुजी थांबले. वसंतदादाने मान डोलावली. "घ्या गुरुजी."

"घेतो. पण ताहिलराम यांचं गोत्र?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दादांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "सुराबाया."

मला वाटलं, गुरुजी हसतील. त्यांनी पळीत पाणी घेतलं आणि जराही न अडखळता संकल्प सोडला, "सुराबायागोत्रस्य ताहिलरामस्य..."